नदीएवढ्या देशाच्या काकू

शरयूकाकू,

तुम्ही पहिल्यांदा माझ्या दाराची बेल वाजवलीत तेव्हा तुमच्या हातात शिऱ्याची वाटी होती आणि डोळ्यांत पाणी. मला जपानला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. तोवर आपली ओळख एवढीच, की बिल्डिंगखाली कचरा टाकताना तुम्ही मला अडवून, बाटली वेगळी आणि तिचं झाकण वेगळं, असं दटावलं होतंत. मी दार उघडलं. दोन वर्षांची ईरा माझ्या कडेवर भोकाड पसरून रडत होती. आणि तुम्ही म्हणालात, "हरला गं तो! मतांनी हरला!"

"कोण?"

"आमचा हुकूमशहा!"

बाईंचं काहीतरी बिनसलंय, असंच मला वाटलं. टोकियोच्या एदोगावा भागात राहणारी मराठी बाई, आणि हुकूमशहा म्हणे आमचा. "गांबियाचा," असा तुम्ही खुलासा केलात आणि माझ्या चेहऱ्यावरून ओळखलंत की हे नाव मी जन्मात ऐकलेलं नाही. मग काही न विचारता आत आलात. ईराचा पंचा उचललात, त्याची हातभर लांब आणि चार बोटं रुंद घडी केलीत आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर ठेवलीत, एक टोक बरोबर टेबलाच्या कडेला लागेल असं. "हे टेबल म्हणजे सेनेगल. ही कड म्हणजे अटलांटिक महासागर. आणि ही घडी म्हणजे आम्ही. मधून नदी, दोन्ही बाजूंना काठ, की संपला देश. आफ्रिकेच्या भूमीवर याहून लहान देश नाही."

शिरा फार छान झाला होता. तो खाता खाता मी त्या घडीकडे बघत होते आणि तुमच्या त्या 'आम्ही'बद्दल विचार करत होते. नवऱ्याच्या कंपनीनं पाठवलं म्हणून गेलेल्या, तिथल्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवलेल्या, आणि तो देश सोडून कितीतरी वर्षं झालेल्या एका बाईचं 'आम्ही'.

आज हे लिहिते आहे ते त्याच टेबलावर. तुम्हाला जाऊन महिना झाला, पण तुमच्याशी भांडायची सवय अजून जात नाही. म्हणून तुमच्याबद्दल न लिहिता सरळ तुम्हालाच लिहिते. जन्म कुठला, शिक्षण किती, कुठे कुठे राहिलात, हे सगळं तुमच्या मुलानं, निखिलनं सर्वांना कळवलंय. मला त्यात रस नाही. मला त्या रविवारी अर्धवट राहिलेला वाद पुरा करायचा आहे.

पण आधी तो हुकूमशहा. तुमच्या शिऱ्यानंतर आठवड्याभरात त्यानं शब्द फिरवला. टीव्हीवर येऊन हार मान्य केलेला माणूस म्हणाला की निवडणूकच मान्य नाही. मी बातमी वाचली आणि लिफ्टमध्ये तुम्हाला म्हटलं, "काकू, आता शिरा परत करायचा का?" तुम्ही हसला नाहीत. तळमजला आला, तरी बाहेर पडला नाहीत, आणि तिथेच मला फातूबद्दल सांगितलंत. फातू तुमची विद्यार्थिनी. तुमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी आणि नकाशा कायम उलटा धरणारी. मोठी होऊन वर्तमानपत्रात लिहायला लागली, नको ते लिहिलं, आणि तिला नदी ओलांडून सेनेगलला पळून जावं लागलं. "तो गेला की ती घरी येईल," तुम्ही म्हणालात. "माझा शिरा त्याच्या हरण्याचा नव्हता गं. तिच्या येण्याचा होता."

पुढचे काही आठवडे सकाळी ऑफिसला, तोयोसुला जाताना मीही गाडीत उभ्या उभ्या फोनवर गांबियाच्या बातम्या शोधायला लागले. नवा अध्यक्ष निवडून आलाय आणि त्याला शपथ घ्यायला स्वतःचा देश मोकळा नाही, शेजारच्या देशातल्या वकिलातीत घ्यावी लागते आहे. शेजाऱ्यांच्या फौजा सीमेवर. आणि शेवटी एक दिवस तो माणूस विमानात बसला आणि गेला. त्या दिवशी तुम्ही शिरा आणला नाहीत. नुसत्या येऊन बसलात आणि म्हणालात, "मंजिरी, चहा टाक." आपण दोघींनी चहा घेतला. टोकियोत थंडी मी म्हणत होती, आणि तुम्ही खिडकी उघडून बसला होतात.

तुमच्या रविवारच्या वर्गाबद्दल मी तेव्हापासून ऐकत होते, पण ईरा पाच वर्षांची झाल्यावर तिला पाठवायला लागले. स्टेशनजवळच्या कम्युनिटी हॉलमधली ती वरची खोली. पुण्या-मुंबईच्या इंजिनियरांची आणि बँकवाल्यांची मुलं, आठवडाभर जपानी नाहीतर इंग्रजी बोलणारी, रविवारी सकाळी मराठीसाठी तुमच्यासमोर. मला वाटलं होतं बाराखडी होईल, शिवाजी महाराज होतील, फार तर कृष्णा-गोदावरी होतील. तीन महिन्यांनी मी ईराला विचारलं, "आजी-सेन्सेई काय शिकवतात गं?" तर ती जपानीत म्हणाली की बंजुल हे राजधानीचं शहर नदीच्या मुखाशी एका बेटावर आहे आणि पलीकडच्या काठावर जायला फेरीबोट लागते.

काकू, मी तेव्हा किती चिडले होते ते तुम्हाला आठवत असेल. मी तरातरा तुमच्याकडे आले. "मुलांना सातारा कुठे आहे ते माहीत नाही आणि तुम्ही बंजुल शिकवताय?"

तुम्ही दाणे भाजत होतात. "सातारा त्यांना आईबापांचा वाटतो," तुम्ही म्हणालात. "त्याचं नाव काढलं की त्यांचे चेहरे पडतात, कारण घरी त्यांना त्यावरून ओरडा बसतो. गांबिया त्यांच्या कुणाच्याच बापाचा नाही. म्हणून तो त्यांना स्वतःचा वाटतो. बस. आमटी खाऊन जा."

तुमची दाण्याची आमटी हाही एक वादाचा विषय होता. उपासाला करतात ती आपली आमटी आणि गांबियात भातावर घेतात तो दाण्याचा रस्सा या दोन्हींचा तुम्ही असा काही संसार लावून दिला होता, की उपासाची आमटी म्हणावी तर त्यात टोमॅटो, आणि तिकडची म्हणावी तर त्यात जिरं आणि कोकम. पण ती खाता खाता तुम्ही सांगत होतात. नदीकाठच्या दलदलीत बायका भात लावतात आणि वरच्या कोरड्या जमिनीत पुरुष भुईमूग. गोरे आले त्यांनी भुईमुगाला भाव दिला, तेव्हा सगळे दाण्याच्या मागे लागले आणि भात बाहेरून बोटीनं यायला लागला. तुमचे यजमान ज्या कंपनीत होते ती तेच करायची, तांदूळ आणायचा आणि दाणे न्यायचे. "पाऊस दगा देतो, नाहीतर लांब कुठेतरी दाण्याचा भाव पडतो, आणि इकडे अख्ख्या देशाला उपास घडतो," तुम्ही म्हणालात. "एका पिकावर संसार म्हणजे काय, ते मी तिथे पाहिलं." इतकी वर्षं मी बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणून काम करते. धंदा म्हणजे काय हे मला त्या दिवशी तुमच्या ओट्याशी उभं राहून नीट समजलं.

आणि आराकावा नदीकाठचा तो तास! सगळ्या मुलांना तुम्ही बंधाऱ्यावर नेलंत. आम्ही पालक सायकली लावून बघत उभे. "ही नदी तुमची," तुम्ही मुलांना सांगितलंत. "आता पाण्याकडे पाठ करा आणि जोरात चेंडू फेका. चेंडू पडेल तिथपर्यंत देश तुमचा. पलीकडे दुसऱ्याचा." मुलांनी चेंडू फेकले. बेसबॉल खेळणाऱ्या एका मुलाचा चेंडू पार रस्त्यापर्यंत गेला, एका चिमुरडीचा तिच्या पायाशीच पडला. तेवढ्यावरून मुलांची जुंपली, की हिच्या इथे देश इतका बारीक का, आणि त्याच्या इथे इतका रुंद का. तेव्हा तुम्ही सांगितलंत, की इंग्रजांनी बोटीवरून तोफ डागली आणि गोळा पडेल तिथे सीमा धरली, अशी त्या देशाची गोष्ट सांगतात. गोष्ट खरी की रचलेली कुणाला ठाऊक. पण नदी इंग्रजांना आणि बाकीचं फ्रेंचांना, ही वाटणी तर खरीच. "काठावर राहणाऱ्यांना विचारलं का?" ईरानं विचारलं, अर्थात जपानीत. "नाही," तुम्ही म्हणालात, मराठीत. "विचारायची पद्धत नंतर आली. तीच मला तुम्हाला दाखवायची आहे."

ती पद्धत म्हणजे तुमचे डबे.

पुढच्या सहामाहीत महाराष्ट्र शिकवायचा की गांबिया, यावर मी तुम्हाला मतदान घ्यायला लावलं होतं. मला खात्री होती की मुलं कंटाळली असणार. मी हौसेनं चिठ्ठ्या करून आणल्या, सुवाच्य देवनागरीत. मुलांनी त्या हातात घेतल्या आणि एकमेकांकडे बघत बसली. निम्म्यांना वाचताच येईना. परागनं, म्हणजे बँकेत असलेल्या आपल्या पराग कुलकर्णीनं, लगेच माझ्या कानाशी लागून म्हटलं, "बघा, हीच तर अडचण आहे. वर्ग करून उपयोग काय?" आणि तुम्ही शांतपणे पिशवीतून ते दोन पत्र्याचे डबे काढलेत. सेंबेई बिस्किटांचे, एक हिरवा रंगवलेला, एक पिवळा. झाकणाला भोक, भोकात पाइपचा तुकडा, आणि पाइपाखाली आत सायकलची घंटी.

"ज्यांना वाचता येत नाही त्यांनी मत द्यायचं नाही की काय?" तुम्ही म्हणालात. "आमच्याकडे चिठ्ठी नसते. गोटी असते."

गांबियात प्रत्येक उमेदवाराचा एक रंगवलेला पिंप असतो, मतदार पडद्याआड जाऊन हव्या त्या पिंपात एक गोटी सोडतो, आत घंटी वाजते. म्हणजे मत पडलं हे बाहेर सगळ्यांना ऐकू येतं, कुणाला पडलं ते कळत नाही, आणि कुणी दोन गोट्या टाकल्या तर दोनदा वाजून चोरी पकडली जाते. तुमच्या शाळेतच मतदान व्हायचं, म्हणून हे सगळं तुम्ही जवळून पाहिलेलं. गोट्याही तुम्ही जमवल्या होत्या, उन्हाळी जत्रेत मुलं रामुने पितात त्या बाटल्यांतल्या. आपला गोटीसोडाच तो. सगळ्या एकसारख्या फिक्या निळ्या. एकच वेगळी होती, तुमच्या बटणांच्या डब्यातली, तपकिरी आणि मधून दुधाळ रेघ असलेली. ती तुम्ही आधी टाकून दाखवायचात, मुलांना घंटी ऐकवायचात आणि परत काढून घ्यायचात. "ही मोजायची नाही. ही शिकवायची," असं दर वेळी बजावायचात.

त्या दिवशी पराग दाराबाहेर घंट्या मोजायला बसला होता, आणि त्याची एक घंटी जास्त भरली. "चोरी! कुणीतरी दोनदा टाकली!" तो आत येऊन ओरडला. मुलं एकमेकांवर आरोप करायला लागली. एका मुलीनं तर रडायला सुरुवात केली. तुम्ही आधी खिडकीशी गेलात, खाली पाहिलंत आणि खुर्चीत बसून पोट धरधरून हसायला लागलात. खाली एक आई सायकल लावत होती, आणि सायकलवर मागे बसलेलं तिचं पोर घंटी वाजवत होतं. "अरे, म्हणूनच तिथे मतदानाच्या दिवशी मतदान केंद्राजवळ सायकली येऊ देत नाहीत," तुम्ही डोळे पुसत म्हणालात. "एवढी एक गोष्ट मी विसरले बघ." मग गोट्या मोजायला तुम्ही ताकोयाकीचा तवा काढलात, खळग्या-खळग्यांचा, एका खळगीत एक गोटी. मी हरले. महाराष्ट्राच्या डब्यात मोजून चार गोट्या होत्या आणि त्या माझी नि माझ्या मैत्रिणींच्याच असणार.

हरले, पण तुम्ही मुलांना काय देत होतात ते मला त्या दिवशी दिसलं. घरी जाताना ईरा माझ्याशी एक शब्द मराठी बोलली नाही, पण तिनं मला जपानीतच विचारलं, "आई, तू कुठे टाकलीस?" आणि लगेच जीभ चावली. "चुकलं. विचारायचं नसतं." हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं.

सगळंच तुम्ही गोड करून सांगितलं असं नाही. मुलं थोडी मोठी झाल्यावर त्या नदीतल्या बेटाबद्दलही सांगितलंत, जिथे माणसं कोंडून ठेवत आणि गुलाम म्हणून जहाजात भरत. स्वातंत्र्यानंतर एकच माणूस तीसेक वर्षं राज्य करत राहिला, सेनेगलशी जोडून बघितलेला घरोबा काही वर्षांत मोडला, आणि मग एक तरुण लष्करी अधिकारी, तोच तुमचा हुकूमशहा, बंदूक घेऊन आला, हेही सांगितलंत. त्या गडबडीनंतरच कंपनीनं तुमचं बिऱ्हाड टोकियोला हलवलं. आणि आता तिथली तरणी मुलं वाळवंटातून, मग होडीतून युरोपात जायला निघतात, काही पोचतात, काही समुद्रात बुडतात, जी पोचतात त्यांनी पाठवलेल्या पैशांवर मागची घरं चालतात, हेही. परागनं विचारलं, की मुलांना हे कशाला? तुम्ही म्हणालात, "पराग, ती मुलं तुझ्यामाझ्यासारखीच आहेत. चार पैसे मिळवायला परदेशी निघालेली. फक्त त्यांना व्हिसा मिळाला नाही." खोलीत सगळे व्हिसावाले होते.

आता तो वाद. शेवटच्या रविवारी आपण सायकली हातात धरून चालत घरी येत होतो. ईरा पुढे मैत्रिणीशी जपानीत चिवचिवत होती, आणि माझा संयम सुटला. "काकू, सहा वर्षं झाली. तिला तुमचा गांबिया पाठ आहे. पण ती तुम्हाला उत्तर देते ते जपानीत, आणि तुम्ही चालवून घेता. मग हा मराठीचा वर्ग कसला? पराग म्हणतो तेच बरं. पुण्याचा ऑनलाइन वर्ग लावू, परीक्षा असते, सर्टिफिकेट असतं, निदान लिहा-वाचायला तरी येईल."

"फातूच्या घरी एक भाषा होती," तुम्ही म्हणालात, "बाजारात दुसरी, शाळेत तिसरी. तिला कुणी विचारलं नाही की यातली तुझी कुठली."

"फातूची आजी शेजारच्या गल्लीत होती, काकू. ईराची आजी दहा तासांच्या विमानप्रवासावर आहे. तिला हे असं आपोआप कुठून येणार?"

तुम्ही थांबलात. श्वास लागत होता, पण मला वाटलं, चढामुळे असेल. "समजतं तिला सगळं. जीभ उचलत नाही, कारण मराठीत तिला कधी काही मिळवायचं नसतं. तिला मराठीत फक्त 'हो' म्हणायचं असतं, तुला खूश करायला." मग जरा वेळानं म्हणालात, "तरी तुझा मुद्दा खोटा नाही. मला विचार करू दे. याचं उत्तर पुढच्या रविवारी देते."

गुरुवारी तुम्हाला दवाखान्यात नेलं. फुप्फुसाला सूज. रविवार तुम्ही पाहिला नाहीत. मला तुमचा रागच आला, काकू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझा मुद्दा खोटा नाही म्हणालात आणि निघून गेलात.

निखिल त्सुकुबाहून आला होता. सगळं उरकल्यावर त्यानं मला एक गोष्ट सांगितली, ती तुमच्या कानावर घालते. त्यानं फातूला फोन केला. ती केव्हाच घरी परतली आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. तिथल्या रिवाजाप्रमाणे तिनं आधी विचारपूस सुरू केली. घर कसं आहे? सुखरूप. घरातली माणसं? सुखरूप. मुलं? सुखरूप. काम? सुखरूप. तुम्ही निखिलला लहानपणी शिकवलं होतंत की ही विचारपूस मध्येच तोडायची नाही, म्हणून तो बिचारा हुंदका दाबून प्रत्येकाला सुखरूप म्हणत राहिला, आणि शेवटी तिनं विचारलं, "आणि आई?" तेव्हा त्याला सुखरूप म्हणता येईना. तिकडे फातूला कळलं. ती म्हणाली, "मग तू सुरुवातीलाच का नाही थांबवलंस मला?" निखिल म्हणाला, "आई रागावली असती."

आता गेल्या रविवारचं सांगते. परागनं सगळ्या पालकांना बोलावलं होतं. वर्ग बंद करून पुण्याचा ऑनलाइन वर्ग लावायचा, असा त्याचा प्रस्ताव. त्याच्यावर चिडू नका. दोन वर्षांत त्याची बदली परत मुंबईला होणार आहे, त्याच्या मुलाला तिथल्या शाळेत मराठी लिहावं लागणार आहे. तो घाबरलाय. मीही त्याच्याच बाजूची आहे, असं तो धरून चालला होता आणि तसं धरायला मीच त्याला कारण दिलं होतं. वर्ग कोण घेणार, हा प्रश्नही होताच. पराग म्हणाला, पालकांनी हात वर करायचे. त्यावर मी एवढंच म्हटलं, की या खोलीत हात वर करायची पद्धत नाही. निखिलनं डबे आणि तुमच्या सगळ्या गोट्या आणल्या होत्या. मुलांनाही गोटी मिळणार, कारण ज्यांच्याबद्दल ठरवायचं त्यांचं मत आधी, हे तुमचं पहिल्यापासूनचं म्हणणं. हिरवा डबा वर्ग चालू, पिवळा बंद. या वेळी सायकली आम्ही आठवणीनं लांब, स्टेशनच्या तळघरात लावल्या होत्या.

पराग दाराबाहेर बसला. एकेक जण पडद्याआड गेला. टिण. टिण. माझी पाळी आली. पडद्याआड तुमचे ते दोन डबे. तुम्ही गेल्यापासून मी रडले नव्हते, ती तिथे, निळी गोटी हातात घेऊन रडले. बाहेरून पराग म्हणाला, "मंजिरीताई, वाजली नाही अजून." मग वाजली.

शेवटी पराग आत आला. "एक घंटी जास्त आहे," तो म्हणाला. सगळे खिडकीकडे धावले. खाली एकही सायकल नव्हती.

तव्यावर हिरवा डबा ओतला. निळ्या गोट्यांमध्ये ती तपकिरी गोटी, दुधाळ रेघेची. कुणी टाकली, हे मला विचारावंच लागलं नाही. ईराचे कान लाल झाले होते.

"आजी-सेन्सेईची आहे," ती म्हणाली. मग जपानीत तिनं जो काही सपाटा लावला, त्यातलं मला अर्धंमुर्धं कळलं. परागचं जपानी यथातथाच. तो म्हणाला, "ईरा, हळू. मला कळेल असं बोल. आणि मेलेल्या माणसाचं मत धरत नाहीत."

"का नाही?" ती मराठीत ओरडली. "वर्ग कोणाचा आहे? आजीचा आहे! ती दर रविवारी आली, पाऊस असला तरी आली, पाय दुखला तरी आली. तुम्ही काय करता, परागकाका? सोडता आणि खाली कॉफी प्यायला जाता! तुमची गोटी धरायची आणि तिची नाही धरायची?"

"अगं, पण त्या आता नाहीत ना."

"नाहीत म्हणून तर मी टाकली! ती असती तर तिनं स्वतः टाकली असती. तुम्हाला माहिती आहे कुठे टाकली असती!"

"माहिती असलं तरी. उद्या कुणीही उठून म्हणेल, माझ्या आजोबांचं मत हे, माझ्या पणजीचं ते. मग तुमच्या त्या गांबियातल्या माणसात आणि आपल्यात फरक काय? त्यालाही वाटत होतं की देश त्याचाच."

हे तिला लागलं. ती तव्याकडे बघत राहिली. मी बोलणार होते, पण काहीतरी वाटून थांबले. मग तिनं खळगीतून ती तपकिरी गोटी उचलली, फ्रॉकला पुसली आणि परागला म्हणाली, "ही मोजायची नाही. ही शिकवायची."

पराग खाली बसला आणि त्यानं चष्मा काढला. उरलेल्या गोट्या त्यानंच मोजल्या, दोनदा, मोठ्यानं. वर्ग चालू राहणार आहे, काकू. फार फरकानं नाही, पण तुमच्या गोटीशिवाय.

मी कुठल्या डब्यात टाकली ते मी सांगणार नाही, आणि तुम्ही विचारणारही नाही. पण उत्तर मिळालं. पुढच्या रविवारी देते म्हणाला होतात, जरा उशीर झाला इतकंच. घरी येताना ईराच्या हे लक्षातही आलं नव्हतं की ती कुठल्या भाषेत भांडली. मी तिला सांगितलं नाही.

तपकिरी गोटी तिनं माझ्याकडे दिली आहे. वर्ग घेणाऱ्याकडे ती असायला हवी, असं तिचं म्हणणं पडलं.